घाटाची गाडी आणि घराची गाडी

दिवाळीच्या चार दिवसांत पाटणच्या एस. टी. स्टँडाबाहेर, चहाच्या टपरीवर तासभर बसावे आणि नुसते रस्त्याकडे पाहावे. नवी मुंबईच्या नंबराच्या गाड्या कराडच्या बाजूने एकामागून एक येत असतात. कोणी मोरगिरीला वळते, कोणी कोयनानगरची वाट धरते. आमच्या तालुक्यातल्या किती घरांची एक चूल गावी आणि दुसरी घणसोली-कोपरखैरण्याला पेटते, याचा हिशेब तेथे बसल्या जागी होतो. माथाडी कायदा १९६९ साली झाला. ज्यांच्या लढ्यातून तो झाला ते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. पाठीवर पोती वाहून ज्यांनी संसार उभे केले, त्यांची मुले आज स्वतःच्या गाडीतून गावी उतरतात, याचा आनंद कोणाला होणार नाही? मलाही होतो. माझे भांडण गाडीशी नाही. गाडी दारात उभी राहिली, आईने तिला ओवाळले, चाकाखाली लिंबू चिरडले, की पारावरचा पहिला म्हातारा जो प्रश्न विचारतो, त्या प्रश्नाशी माझे भांडण आहे.

“डिजेल हाय न्हवं?”

मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना “मुलगा सरकारी नोकरीत आहे ना?” असे विचारावे, त्याच सुरात हा प्रश्न येतो. ‘होय’ म्हटले की गाडी पास, गाडीवाला शहाणा. ‘नाही, पेट्रोल आहे’ म्हटले की म्हातारा काही बोलत नाही. तो नुसती मान हलवतो आणि तंबाखू मळू लागतो. त्या मान हलवण्याला भिऊन आमच्या तालुक्यात दरसाल कितीतरी घरे चुकीचे इंजिन विकत घेतात. साठवलेले तीन-चार लाख रुपये जुन्या गाडीत घालताना माणूस आपल्या संसाराकडे पाहत नाही, पाराकडे पाहतो. हे कोणीतरी स्पष्ट बोलायला हवे होते. कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

प्रथम, ही डिझेलची भक्ती आली कुठून ते पाहू. कारण ती वेडेपणातून आलेली नाही. विलायतेत संसारी माणसाच्या गाडीला ‘एस्टेट’ म्हणतात; म्हणजे पाठ लांबवलेली आणि मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली मोटार. टाटांनी १९९२ साली याच नावाची गाडी आपल्याकडे आणून पाहिली, पण ती फारशी चालली नाही. आपल्या कुटुंबाला सामानापेक्षा माणसांची जागा अधिक लागते, हे त्याचे एक कारण असावे. १९९४ साली सुमो आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे तिच्या नावात आहेत. पुढे २००० साली बोलेरो, २००५ साली इनोव्हा, २०१२ साली अर्टिगा. आजी-आजोबा, तीन नातवंडे, तांदळाचे पोते आणि देवाला वाहायचा नारळाचा गोणपाट, हे सगळे एका फेरीत नेणारी गाडी हीच आपली ‘एस्टेट’. आणि या गाड्यांपैकी पहिल्या ज्या आल्या, त्यांच्या पोटात डिझेलच होते. जाडजूड, आवाज करणारे, रस्त्यात कोठेही कोणाही मिस्त्रीने खोलून पुन्हा बांधावे असे इंजिन. त्या डिझेलने आमच्या वाड्या-वस्त्यांवरची बाळंतिणी आणि सर्पदंशाची माणसे कराडला पोहोचवली आहेत. त्याचे उपकार मी विसरत नाही.

शिवाय भावाचे गणित होते. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या घरात होते. लिटरमागे ३० रुपयांहून अधिक फरक! तो फरक सरकार सोसत होते. अशा दिवसांत जो पेट्रोलची मोठी गाडी घेई तो एकतर श्रीमंत तरी असे किंवा बेहिशेबी तरी. पण २०१३ च्या जानेवारीपासून डिझेल दरमहा लिटरला ५० पैशांच्या हप्त्याने चढू लागले, आणि १८ ऑक्टोबर २०१४ रोजी, नेमके दिवाळीच्या तोंडावर, सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडून दिला. त्या दिवशी ही भक्ती ज्या पायावर उभी होती तो पाया निघाला. पारावर मात्र ही बातमी अजून पोहोचलेली नाही. कारण गेले तरी रीत राहते; आमचे हे तसेच झाले आहे.

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. सात माणसांची एकच गाडी, एक पेट्रोलवर लिटरला १४ किलोमीटर जाणारी आणि दुसरी डिझेलवर १८ किलोमीटर जाणारी, असे धरू. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरू. दोन्ही जुन्याच, पण डिझेलची गाडी ‘डिझेल’ म्हणून लाखभर रुपये महाग मिळते असेही धरू. वर्षाला ३,००० किलोमीटर गाडी फिरली, तर पेट्रोलला सुमारे २२,३०० रुपये लागतील आणि डिझेलला सुमारे १५,२००. वाचले ७,१०० रुपये. म्हणजे वरचा लाख रुपया भरून यायला १४ वर्षे! तोवर जुन्या गाडीचे सोडा, घेणाऱ्याचेही गुडघे बदलायला येतात. वर्षाला ८,००० किलोमीटर फिरली तर बचत १९,००० रुपयांची, आणि लाख फिटायला पाच वर्षांहून थोडे अधिक. तेही मध्ये नोझल किंवा पंपाचे काम निघाले नाही तर. आणि जो वर्षाला २४,००० किलोमीटर फिरवतो, रोज पाटणहून कराडला जातो-येतो, वर भाडी करतो, त्याचे वर्षाला ५७,००० रुपये वाचतात आणि लाख दोन वर्षांच्या आत वसूल होतो. त्याने डिझेलच घ्यावे. त्याला मी अडवीत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की आपण त्या तिसऱ्या माणसाचे इंजिन पहिल्या माणसाच्या दारात का बांधतो?

आणि पहिली माणसे कोण आहेत? घणसोलीत सहा दिवस गाडी इमारतीखाली उभी ठेवून लोकलने कामाला जाणारा आणि वर्षातून तीनदा, म्हणजे गणपतीला, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला, पाटणला येणारा तो मुंबईकर. इकडे पाटणात मुलांना शाळेत सोडून, बाजारातून भाजी घेऊन दहा मिनिटांत घरी परतणारा तो मास्तर. हेच आपल्यातले बहुसंख्य लोक. त्यांना गाडी विकणारा एजंट विचारतो, “ॲव्हरेज पाहिजे ना, साहेब?” हा प्रश्न म्हणजे जेवायला बसलेल्याला “पोट भरायला पाहिजे ना?” असे विचारण्यासारखा आहे. कोण नाही म्हणेल? पण किती चालवणार, हे तो विचारीत नाही. आणि आपणही सांगत नाही, कारण आपण ते कधी मोजलेलेच नसते.

यावर पारावरून जे उत्तर येईल ते मला पाठ आहे. “तुमचं गणित मुंबईला ठेवा. हितं घाट हाय!” कबूल. कुंभार्ली आहे. सात माणसे आणि सामान घेऊन पोफळीकडून वर चढायचे म्हणजे इंजिनाची परीक्षाच. डिझेल कमी फेऱ्यांत अधिक ओढते. टर्बो असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता वर येते. पेट्रोलला त्याच चढणीला गिअर खाली घ्यावा लागतो, आवाज चढू द्यावा लागतो, आणि तो आवाज ऐकून मागे बसलेल्या काकू देवाचे नाव घेऊ लागतात. एवढा फरक खरा आहे. पण पेट्रोलची गाडी घाट चढत नाही, ही गोष्ट खोटी आहे. ती चढते; चालवणाऱ्याला गिअर टाकण्याचा कंटाळा असतो. उतारावर तर इंजिन कोणतेही असो, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेकवर पाय ठेवून चिपळूण गाठणाऱ्याला डिझेलही वाचवीत नाही.

आणि मुख्य मुद्दा असा की आपण घाट वर्षातून किती वेळा चढतो? मुंबईहून पाटणला महामार्गाने येणाऱ्याला कुंभार्ली लागतच नाही. खंबाटकी आणि खंडाळा लागतो, पण तेथील रस्ते आज असे आहेत की लहानशी पेट्रोल गाडीही गुणगुणत चढते. बनपुरीच्या नाईकबाला, पालीच्या खंडोबाला, चाफळच्या रामाला, सडावाघापूरच्या पठारावर पवनचक्क्या पाहायला, असे सगळे मिळून चढणीचे दिवस वर्षात दहा भरतील. उरलेले तीनशे पंचावन्न दिवस गाडी सपाटीवर असते किंवा उभी असते. वर्षाच्या दहा दिवसांसाठी इंजिन निवडणे म्हणजे लग्नात एकदा नेसायचा शालू पाहून रोजच्या लुगड्याचे माप ठरवणे होय.

बरे, नको असलेले डिझेल घेतल्याने नुसता पैसा जातो असेही नाही. नव्या डिझेलला एक नवे दुखणे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी. एस. सहा हा नियम लागू झाला. धूर स्वच्छ व्हावा म्हणून डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर बसू लागला. हेतू उत्तम, शहरातल्या लेकरांची फुप्फुसे त्याने वाचतात. पण हा फिल्टर अडवलेली काजळी मधून मधून स्वतःच जाळून टाकतो, आणि त्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने पळायला हवी. जो रोज कराड गाठतो त्याचे हे काम त्याच्या नकळत होते. जो घर-शाळा-बाजार एवढेच करतो त्याची गाडी तापायच्या आधीच उभी राहते. काजळी साचते, दिवा लागतो, इंजिनाची ताकद पडते. आमच्या आळीतल्या एका शिक्षकांनी मोठ्या हौसेने अशी गाडी घेतली. दोन महिन्यांत दिवा लागला. एका उपद्व्यापी कारागिराने सल्ला दिला, “फिल्टर कापून टाकू, कटकट मिटेल.” तसे करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि अशी कापलेली गाडी पुढच्या माणसाच्या गळ्यात बांधणे हे पाप आहे. शिक्षकांनी ते केले नाही. आता ते दर रविवारी सकाळी कोणतेही काम नसताना उंब्रजपर्यंत जाऊन येतात, का, तर गाडीची काजळी जाळायला! ॲव्हरेज वाचवण्यासाठी घेतलेल्या गाडीला फिरायला न्यावे लागते, जसे बड्या घरचे लोक कुत्र्याला नेतात.

“मग २०२० च्या आधीची घेऊ,” असे कोणी म्हणेल. घ्या, त्यांतल्या बहुतेकांत हा फिल्टर नाही. १,२४८ सी. सी.चे ते फियाटच्या घराण्याचे छोटे डिझेल, जे पुण्याजवळ रांजणगावलाही बनत होते आणि मारुतीपासून टाटांपर्यंत अनेकांच्या गाड्यांत बसत होते, ते खरोखर गुणी इंजिन होते. पण मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल गाड्याच बंद केल्या. त्या इंजिनाची आज जी गाडी मिळेल तिचे वय मोजा. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि त्या वाढवण्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. २०१३ ची गाडी आज घेतली, तर या पायरीला तुम्ही पोहोचणार, विकणारा नव्हे. एजंट तुम्हाला गाडीचे मॉडेल सांगतो. तिची उरलेली वर्षे सांगत नाही.

एवढे वाचून पेट्रोलवाले खूश झाले असतील तर त्यांनी थोडे थांबावे, कारण मी त्यांचाही वकील नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. ते उसापासून होते, मका-तांदळापासूनही होते. म्हणजे कृष्णा-कोयनेच्या काठचा आपलाच ऊस कारखान्यातून फिरून आपल्याच टाकीत येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट चांगली आहे, आणि मी उसाविरुद्ध बोललो तर मला या भागात राहता येणार नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या बेताच्या चारचाकी गाड्यांचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. शिवाय ते हवेतले पाणी ओढते. २०२३ च्या एप्रिलपासून बनलेल्या गाड्यांच्या नळ्या आणि वॉशर या मिश्रणाला टिकतील असे असतात; त्याआधीच्या गाड्यांबद्दल तशी खात्री नाही. कोयनानगर-नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. त्या ओलीत अर्धी टाकी भरून चार महिने उभी ठेवलेली जुनी पेट्रोल गाडी दसऱ्याला सुरू होताना खोकली, तर दोष कोणाला द्यायचा? म्हणून पेट्रोल घ्यायचे तर शक्यतो अलीकडचे घ्यावे, जुने असेल तर इंधनाच्या नळ्या पाहून, प्रसंगी बदलून घ्याव्यात, आणि गाडी पंधरवड्यातून एकदा तरी नीट चालवावी.

सी. एन. जी.ची गोष्ट थोडक्यात सांगतो. महामार्गावर रोज धावणाऱ्याला त्यासारखे स्वस्त काही नाही. पण टाकी मागच्या सामानाची जागा खाते, म्हणजे ‘एस्टेट’ गाडीचा जीवच काढून घेते. ताकद दहा-बारा टक्क्यांनी उतरते, आणि ती नेमकी चढणीला आठवते. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. जुनी गाडी घेताना तो दाखला मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे बोलतो. डिझेल की पेट्रोल, यावर आपण इतके घसे कोरडे करतो की जो प्रश्न पहिला विचारायचा तो राहूनच जातो. तो प्रश्न असा: ‘ही गाडी २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कुठे उभी होती?’ ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूर बुडाले. २२ जुलै २०२१ च्या पावसात घाटाखालचे चिपळूण बुडाले, आणि त्याच दिवसांत आमच्या तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर कोसळले. माणसे गेली, तेथे गाड्यांची चौकशी कोण करणार? पण पाण्याखाली गेलेल्या शेकडो गाड्या नंतर कोठे गेल्या असतील, याचा विचार करा. पाणी दाबले जात नाही. चालत्या इंजिनाने ते ओढले की आतला दांडा वाकतो. धुऊन-पुसून, तेल बदलून ते पुन्हा सुरू होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर एखाद्या रात्री साथ सोडते. पाटण एका बाजूला सांगली आणि दुसऱ्या बाजूला चिपळूण यांच्या मध्ये वसलेले आहे. बुडालेली गाडी येथे स्वस्तात येऊन पोहोचायला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही. सांगलीचा किंवा रत्नागिरीचा नंबर दिसला म्हणजे गाडी बुडालीच होती असे नव्हे; पण विचारायला लाज कसली? सीटखालचे लोखंडी रूळ गंजलेत का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. त्याच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ असेल तर ती पुसायचे कोणाला सुचलेले नसते. गालिच्याखाली हात घाला आणि वास घ्या.

आणि इंजिन ‘निवडायचे’ म्हणजे तरी काय? अमुक जातीचे इंजिन चांगले, हे पुस्तकी ज्ञान झाले. तुमच्यासमोर उभी आहे ती एक विशिष्ट गाडी, जिला कोणीतरी दहा वर्षे चालवले आहे. ‘डॉक्टरांची गाडी, एकहाती’ हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले आहेत की आपल्या जिल्ह्यात डॉक्टरांना गाड्या विकण्यावाचून दुसरा धंदा नसावा असे वाटू लागले आहे. डॉक्टर राहू द्या. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर विकणाऱ्याने तुमच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली आहे. परत जा आणि उद्या सकाळी न सांगता या. गार इंजिन सुरू करताना मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. सकाळच्या गारव्यात क्षणभर दिसणारी वाफ सोडली, तर पांढरा धूर म्हणजे पाणी कोठेतरी शिरते आहे. काळ्या धुराचे लोट म्हणजे नोझल-पंपाकडे खर्च आहे. तेलाचे झाकण उघडून आत ताकासारखा पांढरा फेस आहे का पाहा. सर्व्हिसच्या पावत्या मागा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण दहा वर्षांच्या पावत्या एका रात्रीत छापणे कठीण. कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहा. आणि तुमच्या ओळखीचा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, एक मिस्त्री शंभर रुपये जास्त देऊन बरोबर न्या. दाजींच्या ओळखीचा मिस्त्री नको. दाजींना नाही म्हणता येत नाही, मग मिस्त्रीलाही म्हणता येत नाही. नीट ठेवलेले ‘चुकीच्या जातीचे’ इंजिन हे हाल केलेल्या ‘योग्य जातीच्या’ इंजिनापेक्षा केव्हाही बरे.

हे सगळे मी दुसऱ्याला शिकवतो आहे. पण शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. मीही एकेकाळी पाराला भिऊन अडीच लिटरचे भले थोरले डिझेल दारात आणले होते. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मला धन्य वाटले. मग ती गाडी आठ-आठ दिवस उभी राहू लागली, कारण मला जायचे तरी कोठे होते? एका जुलैच्या रात्री आईला श्वास घेता येईना. बाहेर धो धो पाऊस. किल्ली फिरवली आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, म्हणून ते फिरवायला बॅटरीही दमदार लागते. माझी बॅटरी उभ्या-उभ्या मेली होती. शेजारच्या घरातल्या सुनेने आपली आठशे सी. सी.ची जुनी पेट्रोल गाडी काढली. ज्या गाडीकडे पाहून मी कधी काळी हसलो होतो, त्या गाडीने आईला कराडला पोहोचवले. आई वाचली. माझ्या गाडीचा त्यात दोष नव्हता. ती ज्याच्या दारात शोभली असती त्याच्या दारात ती नव्हती, एवढेच.

त्या रात्रीपासून मला एक गोष्ट खटकते. गाडी निवडताना आपल्याकडे बोलतात ते सगळे पुरुष, आणि तेही बहुधा पुढच्या सीटवरचे. मागे कोण बसते, चढताना पाय किती उचलावा लागतो, रात्री एकटीने गाडी काढायची वेळ आली तर तिला ती झेपेल का, हे घरातल्या बाईला कोणी विचारीत नाही. त्या सुनेने आपली गाडी रोज चालवली होती; म्हणून ती रात्री सुरू झाली. माझी मी जत्रेसाठी राखून ठेवली होती.

तेव्हा या दिवाळीत ज्यांच्या मनात जुनी गाडी घ्यायचे आहे त्यांना माझी एक विनंती आहे. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा आपण करतोच. व्यापार नसला तरी एक कोरी वही आणा. पाडव्यापासून महिनाभर त्या वहीत रोज लिहा: आज कोठे गेलो, किती किलोमीटर, किती जण, आणि गाडी असती तर ती किती वेळ उभी राहिली असती. शेवटच्या पानावर घरातल्या प्रत्येकाला एक-एक ओळ लिहू द्या, आजीलासुद्धा. लिहिता येत नसेल तर सांगू द्या. महिन्याने बेरीज करा. रोज पन्नास-साठ किलोमीटर येत असतील तर निर्धास्त डिझेल पाहा. पाच-सात येत असतील तर पेट्रोल पाहा, आणि उरलेल्या पैशांत टायर आणि बॅटरी नवी घाला. आणि बेरीज अगदीच थोडी आली, तर गाडी घेऊच नका. नाईकबाच्या जत्रेला एक दिवस भाड्याची जीप करा, आणि घाट कसा चढायचा ते तिच्या ड्रायव्हरवर सोपवा.

पारावरचा म्हातारा विचारीलच, “डिजेल हाय न्हवं?” त्याच्या हातात ती वही द्या.